युरोपात पहिल्यांदा स्की करायला जायचंय, गाव कुठलं निवडायचं?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. "अरे यंदा स्कीइंग करावं म्हणतोय, झेरमॅट कसं आहे रे?" म्युनिकला राहून मला बरीच वर्षं झाली, आल्प्स इथून तासा-दीड तासावर, त्यामुळे मी तज्ज्ञ आहे असा लोकांचा समज झालाय. तज्ज्ञ वगैरे कसला, चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पायात स्की घातली आणि आजही काळ्या पिस्टची, म्हणजे सगळ्यात अवघड उताराची, पाटी दिसली की मान खाली घालून दुसऱ्या वाटेने जातो. पण नवख्या माणसाने करायच्या त्या सगळ्या चुका आमच्या करून झाल्यात, तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

पहिल्या वर्षी आम्ही कसं निवडलं तर वेबसाइटवर फोटो भारी होता आणि खाली "शेकडो किलोमीटर पिस्ट" लिहिलं होतं. पिस्ट म्हणजे स्कीसाठी मशीनने सपाट केलेला बर्फाचा उतार. आम्हाला वाटलं जेवढे जास्त किलोमीटर तेवढे पैसे वसूल. आणि आठवडाभर आम्ही होतो कुठे, तर दीडशे मीटरच्या एका उतारावर, जिथे सरकता पट्टा तुम्हाला वर नेतो आणि तुम्ही पडत-धडपडत खाली येता, परत पट्टा, परत खाली. बाकीचे किलोमीटर नकाशातच राहिले, पैसे मात्र त्यांचेही भरले. त्यात मंगळवारपासून गावात पाऊस, हो, डिसेंबरात पाऊस. हॉटेल लिफ्टपासून, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेपासून, सव्वा किलोमीटर, आणि स्कीचे बूट घालून सव्वा किलोमीटर चालणं म्हणजे दोन्ही पाय सिमेंटमध्ये घालून चालणं. खांद्यावर माझी स्की, काखेत मुलीची स्की, मुलगी रस्त्यात फतकल मारून बसलेली आणि बायको काहीच बोलत नाहीये, जे सगळ्यात वाईट.

म्हणून आता कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, आख्खा डोंगर नका बघू, तुमचे पहिले दोन-तीन दिवस ज्या छोट्या उतारावर जाणार आहेत तो उतार शोधा, आणि गाव त्याच्या हिशोबाने निवडा. बाकीचं सगळं याच्यातूनच निघतं.

१. आधी कोण कोण चाललंय ते लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. किती मोठे, किती मुलं, मुलांची वयं, आणि स्की अजिबात न करणारे किती. आपल्याकडे हा शेवटचा आकडा मोठा असतो, कारण पुण्याहून आई-बाबा आलेले असतात, किंवा कोणाच्या तरी गुडघ्याचं काहीतरी असतं, किंवा एखादीला पहिल्या दिवशीच कळतं की हे आपलं काम नव्हे (आणि तसं वाटण्यात काही चूक नाही). फक्त स्की आणि स्कीच असलेल्या गावात अशा माणसाने सात दिवस करायचं काय, खिडकीतून बर्फ बघायचा? सगळेच मित्र-मित्र असाल तर गोष्ट वेगळी, मग खालच्या गावांच्या यादीत आई-बाबांची आणि मुलांची गावं सोडून पुढे वाचा.

मुलं साधारण चार वर्षांची झाली की स्की-स्कूल घेतं, काही ठिकाणी तीनपासूनही. त्याहून लहान असेल तर त्या गावात पाळणाघर आहे का बघा, नाहीतर आई-बाप आळीपाळीने एक स्की करणार आणि एक बाबागाडी बर्फातून ओढणार.

२. मग उंची बघा, आणि ती कळसुबाईशी ताडून बघा

मला मीटरमधले आकडे डोक्यात शिरायचे नाहीत, म्हणून मी आपली मापं लावली. कळसुबाई १६४६ मीटर, लोणावळा सहाशे-सव्वासहाशे. आता बघा, ऑस्ट्रियातली बरीच गोड, लाकडी बाल्कन्यांची, पोस्टकार्डवाली गावं ही लोणावळ्यापेक्षा जेमतेम उंच आहेत, सातशे-आठशे मीटर. स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट गाव जवळजवळ कळसुबाईच्या शिखराएवढं, १६२० च्या आसपास. ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल १९३०, आणि फ्रान्समधलं वाल थोराँस २३००, युरोपातलं सगळ्यात उंचावरचं स्की-गाव.

फरक काय पडतो? खालच्या गावात बर्फाची खात्री नाही. वर डोंगरावर असतो हो, लिफ्टने वर गेलात की मिळतो, पण शिकाऊ उतार बऱ्याचदा गावातच तळाशी असतो आणि पाऊस पहिला तिथेच पडतो. बर्फ तयार करणाऱ्या तोफा असतात सगळीकडे, पण त्यांनाही थंडी लागते, हवा कोमट असली की त्या गप्प. २०२२ चा डिसेंबर संपताना आणि २०२३ चा जानेवारी लागताना युरोपात एवढं गरम झालं होतं की आल्प्समधल्या खालच्या उतारांवर चक्क हिरवं गवत होतं.

उंच गावांचंही एक आहे. झाडं नसतात, वारा झोंबतो, ढगात अडकलात तर समोरचा माणूस दिसत नाही, आणि गावाला गावपण कमी, कारण ती बऱ्याचदा स्कीसाठीच नव्याने उभी केलेली. वाल थोराँस १९७० च्या दशकात उभं राहिलंय, तिथे जुनं चर्च-बिर्च शोधू नका. माझा हिशोब असा: डिसेंबर किंवा मार्चअखेर जायचं तर उंचावर, जानेवारीत जायचं तर मधलं गावही चालतं.

३. आता तो शिकाऊ उतार शोधा

ही मुख्य पायरी, इथे एक संध्याकाळ घालवली तरी हरकत नाही. गावाचा पिस्ट-मॅप उघडा आणि सरकता पट्टा कुठे आहे बघा, ऑस्ट्रियात त्याला जादूचा गालिचा म्हणतात, नाव ऐकून माझी मुलगी एका मिनिटात तयार झाली होती. तो गावात आहे का डोंगरावर लिफ्टच्या मधल्या स्टेशनला? मधल्या स्टेशनला असेल तर रोज गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) वर जायचं आणि गोंडोलानेच खाली यायचं. ते वाईट नाही, वर बर्फ चांगला असतो, फक्त त्याचं तिकीट आणि रांग धरून चला. ऑस्ट्रियातलं माइरहोफन असंच आहे, गाव जेमतेम ६३० मीटर, सगळी मजा वर, आणि तिथे हाराकिरी नावाची एक पिस्ट आहे ७८ टक्के उताराची, नावातच काय ते समजा.

दुसरी गोष्ट, त्या उतारानंतर पुढे काय? तीन दिवसांनी तुम्हाला लांबलचक, रुंद, निवांत निळी पिस्ट लागते. रंगांचं गणित देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, लाल, काळी. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी, इटलीत हिरवी हा प्रकारच नाही, निळीपासून सुरुवात. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या नकाशावर हिरवं दिसत नाही म्हणून घाबरू नका. नकाशावर निळी रेघ तुटक-तुटक असेल, म्हणजे मध्ये लालचा तुकडा येत असेल, तर मात्र घाबरा, कारण तो दोनशे मीटरचा लाल तुकडा मी एकदा बसून उतरलोय, स्की हातात घेऊन, शेजारून सहा वर्षांची जर्मन पोरं सुंईकन जात असताना.

तिसरी, लिफ्ट कुठल्या प्रकारच्या. खुर्ची आणि गोंडोला सोप्या. ओढून नेणारी लिफ्ट, ती उलट्या टीच्या आकाराच्या दांड्याची, तिच्यावर बसायचं नसतं! दांडा मागे टेकवून नुसतं उभं राहायचं, ओढत नेते ती. मी बसलो. दांडा खाली गेला, मी त्याच्यासकट खाली, मागची अख्खी रांग थांबली.

४. कधी जायचं

नाताळ ते ६ जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या, हे दोन काळ सोडता आले तर सोडा. फेब्रुवारीत ब्रिटिश, डच, फ्रेंच, बव्हेरियन (म्युनिक ज्या राज्यात आहे तिथले) अशा सगळ्यांच्या सुट्ट्या थोड्या मागेपुढे येतात, फ्रान्स तर तीन झोन करून महिनाभर चालवतं, भाडी दुप्पट होतात आणि स्की-स्कूलच्या गटात बारा-बारा मुलं कोंबलेली. सगळ्यात स्वस्त आणि मोकळं म्हणजे ७ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे. थंडी जास्त असते, दिवस लहान, पण बर्फ एक नंबर.

माझा स्वतःचा आवडता मार्चचा पहिला पंधरवडा. ऊन असतं, दिवस मोठा, दुपारी गच्चीवर कोट काढून बसता येतं. दुपारी दोननंतर बर्फाचा चिखल होतो, तेव्हा नवख्याने थांबावं, पाय दुखत असतातच. शाळेत जाणारी मुलं असतील तर यातलं काही तुमच्या हातात नाही, बव्हेरियात सुट्टीच्या आधी शाळा बुडवून विमानतळावर गेलात तर पोलीस विचारू शकतात आणि दंडही होऊ शकतो, भारतातला "पोटात दुखतंय" इथे चालत नाही.

५. नावं

आता नावं देतो, सगळी नाहीत, नवख्यांना चालणारी.

आई-बाबा सोबत असतील तर ऑस्ट्रियातलं झेल आम झे. गाव ७५७ मीटरवर म्हणजे खालचंच, पण तळ्याकाठचं, फिरायला सपाट रस्ते, दुकानं, कॅफे, रेल्वे स्टेशन गावातच, आणि खाली बर्फ नसला तर शेजारच्या काप्रुनला किट्सश्टाइनहॉर्नची हिमनदी आहे, तिथे वरचं स्टेशन तीन हजार मीटरच्या पुढे. आमची आई तिथे पाच दिवस तळ्याभोवती चालली, सहाव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही उगाच पैसे देऊन पडताय, इथे फुकट किती छान आहे."

लहान मुलं असतील तर झेरफाउस, ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, १४२९ मीटर. तिथे आठवडा मुलांसाठीच रचलाय असं वाटतं आणि एवढ्याशा गावात चक्क भुयारी रेल्वे आहे, १९८५ पासून, चार स्टेशनांची, फुकट, त्यामुळे स्की घेऊन चालायची भानगड नाही. महाग आहे, आधीच सांगतो.

पैसे आहेत आणि युंगफ्राउयोख (रेल्वेने जायचं ते बर्फाळ उंच ठिकाण) बघायचंच आहे असा घरात ठराव झाला असेल तर स्वित्झर्लंडमधलं ग्रिंडेलवाल्ड. बोडमी नावाचा शिकाऊ उतार गावाच्या जवळच, आयगर शिखराचा कडा समोर, आणि स्की न करणाऱ्यांसाठी फाउलहॉर्न डोंगरावरून १५ किलोमीटरची स्लेजची (बसून घसरायच्या गाडीची) वाट (त्यासाठी वर अडीच तास चालावं लागतं, आपले सह्याद्रीत फिरणारे काका जातील आरामात). युंगफ्राउयोख ३४५४ मीटर आहे, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारून.

सगळे तरुण, बर्फाची खात्री हवी, बाकी काही नको: वाल थोराँस. शिकाऊ भागात काही लिफ्ट फुकट आहेत, दारातून स्की घालून निघता येतं, खोल्या मात्र काडेपेटीएवढ्या.

सौम्य उतार आणि डोळ्यांचं पारणं फिटवायचं असेल तर इटलीतल्या डोलोमाइट्समधलं आल्पे दि सिउसी. नुसती पसरलेली, हलकी उतरती गवताळ पठारं बर्फाखाली, युरोपातलं एवढ्या उंचीवरचं सगळ्यात मोठं कुरण. नवख्याला याच्यापेक्षा चांगली जमीन मिळणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. इटलीतच लिविन्यो, १८१६ मीटर, दरीच्या दोन्ही बाजूंना तळाशीच सोपे उतार, शिवाय गाव ड्युटी-फ्री. पोचायला मात्र वेळ लागतो.

बजेट कमी असेल तर बल्गेरियातलं बान्स्को, सोफियापासून साधारण १६० किलोमीटर. शिकाऊ उतार वर आहे आणि सगळं गाव एका गोंडोलाने वर जातं, त्यामुळे सकाळी आठच्या आत रांगेत. आणि म्युनिकच्या लोकांनो, नुसतं चाखून बघायचं असेल तर सात दिवसांचं बुकिंग कशाला, ट्रेनने गार्मिशला जा, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, दोन तास क्लास करा, आवडलं तर पुढचं.

आणि आता नकोत ती. ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन, फ्रान्समधलं शामोनी, पहिल्या वर्षी नको. वाईट म्हणून नव्हे, ती ज्यांना येतं त्यांची गावं आहेत. झेरमॅटला शिकाऊ भाग चांगला आहे खरा, पण तिथलं मॅटरहॉर्न शिखर बघायला तुम्ही जे पैसे मोजाल त्यात दुसरीकडे अख्खा क्लास होतो. मॅटरहॉर्न उन्हाळ्यातही तिथेच असतो.

६. पैसे कुठे वाचतात

मोठ्या ऑस्ट्रियन गावांत मोठ्या माणसाचा एका दिवसाचा पास हल्ली ७५ ते ८० युरोच्या घरात आहे. सहा दिवसांचा पास पहिल्याच दिवशी घेऊ नका! पहिले दोन दिवस शिकाऊ लिफ्टचं वेगळं, स्वस्त तिकीट किंवा पॉइंट-कार्ड (फेरीगणिक पॉइंट कापले जाणारं) मिळतं का ते तिकीट खिडकीवर विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं, फक्त आपणहून कोणी सांगत नाही.

हॉटेलात पन्नास युरो वाचवून लिफ्टपासून लांब राहू नका, वरची सव्वा किलोमीटरची कहाणी आठवा. लांब घ्यायचंच असेल तर स्की-बस दारात थांबते का आणि दर किती मिनिटांनी येते बघा. भाड्याचं सामान ऑनलाइन आधी बुक केलं की स्वस्त पडतं, आणि दुकान लिफ्टखालीच असेल तर रात्री बूट तिथेच ठेवता येतात, हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

दुकानात उंची, वजन, वय विचारतात. वजन खरं सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची हे त्या आकड्यावर सेट करतात, लाजून आठ किलो कमी सांगितले तर स्की भलत्या वेळी सुटते, आणि उलट कोणी फुगवून सांगितलं तर पडल्यावर सुटतच नाही आणि गुडघा जातो. बूट घालताना पायमोज्यांचा एकच घट्ट जोड, दोन जोड घातले की पाय थंड पडतो आणि पोटऱ्या सोलवटतात. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकतो, गुडघे वाकवले की मागे सरकतो, तसा असेल तर बरोबर.

कपडे विकत घ्यायची घाई नको, पॅंट-जॅकेट कोणाकडून तरी मागून आणा. हातमोजे मात्र वॉटरप्रूफ आणि स्वतःचे. जीन्सवर स्की करू नका, पहिल्या अर्ध्या तासात ती ओली होऊन पायावर कडक होते.

आणि क्लास. नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही, बायकोने नवऱ्याला शिकवायचं नाही, हे लग्नाच्या नियमांत लिहून ठेवा. गटाचा क्लास लावा, बऱ्याच ठिकाणी तो रविवारी किंवा सोमवारी सुरू होतो, म्हणजे बुधवारी पोचलात तर अर्धवट गटात जाल. इंग्रजी गट हवाय हे बुकिंग करतानाच सांगा.

७. कागदपत्रं, इन्शुरन्स

जर्मनीचा किंवा दुसऱ्या शेंगेन देशाचा (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांपैकी एकाचा) रेसिडेन्स परमिट असेल तर वर सांगितलेल्या सगळीकडे चालतं, बल्गेरियासुद्धा आता पूर्ण शेंगेनमध्ये आहे. भारतातून किंवा लंडनहून भारतीय पासपोर्टवर येणार असाल तर शेंगेन व्हिसा, मोठ्यांना ९० युरो फी, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कोणी स्वस्त म्हणून अँडोरा सुचवलं तर लक्षात ठेवा, अँडोरा शेंगेनमध्ये नाही आणि तिथे जायचा रस्ता फ्रान्स किंवा स्पेनमधूनच, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसावर आत गेलात तर परत यायची पंचाईत.

व्हिसासाठी ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतोच, पण त्यात स्कीइंग आणि डोंगरावरून सुटकेचा खर्च धरलाय का ते बारीक अक्षरात वाचा. हेलिकॉप्टर आलं तर बिल हजारांत येतं. जर्मनीत राहणाऱ्यांनी अल्पाइन क्लबची (डोंगरात फिरणाऱ्यांच्या संघटनेची) मेंबरशिप बघावी, त्यात सुटकेचं कव्हर असतं. इटलीत २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि २०२५-२६ च्या सीझनपासून हेल्मेट सगळ्या वयांना. हेल्मेट तसंही घालाच, सगळीकडे. गाडीने जाणार असाल तर ऑस्ट्रियात हिवाळी टायर आणि हायवेचा विन्येट (टोलचा स्टिकर), आणि शक्यतो शनिवारी निघू नका, सगळ्या आल्प्सची भाडेकरू-बदली त्याच दिवशी असते.

८. जेवण

शाकाहारी असाल तर डोंगरावरच्या झोपडीत चीजमध्ये घोळलेले केझेश्पेट्सले (जाड, आखूड नूडल्स), गोड कायझरश्मारन (तुकडे केलेला जाड पॅनकेक), बटाट्याचे फ्राइज, एवढ्यावर आठवडा निघतो, चौथ्या दिवशी नको होतं हा भाग वेगळा. सूपमध्ये चीजचा गोळा दिसला तरी खालचं पाणी बहुतेक बीफचं असतं, विचारून घ्या. फॉन्ड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन असते.

म्हणून आम्ही किचनवालं अपार्टमेंट घेतो आणि मसाल्याचा डबा, तूरडाळ, तांदूळ, एक पोहे असं बांधून नेतो. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दोन हजार मीटरवर साधारण ९३ अंशाला, पातेल्यात डाळ दीड तास शिजत बसते, तेव्हा कुकर हवाच. फक्त निघण्याआधी अपार्टमेंटच्या मालकाला विचारा की शेगडी इंडक्शन आहे का, कारण आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही, हे आम्हाला २३०० मीटरवर, सगळे भुकेलेले असताना, रात्री साडेसातला कळलं, आणि त्या रात्री सगळ्यांनी दडपे पोहे खाल्ले.